झाकून ठेवलेलं पाणी

सांगलीच्या विश्रामबागेत एका झेरॉक्सच्या दुकानावर वीरधवल सरांचं भाषांतराचं ऑफिस आहे. सर पूर्वी पुण्यात एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होते. सांगलीला परतल्यावर त्यांनी हे काम सुरू केलं. खरेदीखतं, वैद्यकीय कागद, सरकारी फायली, जे येईल ते. ऑफिसात त्यांच्याशिवाय एकटी ब्राह्मी. ती मिरजेच्या पुढच्या एका जैन शेतकरी घरातली, इंग्रजीत एम.ए. केलेली. तिचा मसुदा सर तपासतात आणि खाली सही करतात, की हे भाषांतर मुळाबरहुकूम आहे.

एप्रिलमध्ये त्यांच्याकडे माण तालुक्यातल्या एका जनसुनावणीचं इतिवृत्त आलं. शिंगाडेवस्तीजवळच्या डोंगराला दगडाची खाण आणि खडीचा क्रशर होणार होता. लोकांनी हरकती घेतल्या होत्या. परवानगीचा निर्णय मुंबईत बसणारी एक समिती घेणार होती. समितीतले काही जण परप्रांतातले असल्याने त्यांच्यापुढे इंग्रजी प्रतच जायची. वस्तीवरचं कुणी तिथं बोलायला नसणार होतं.

बहुतेक हरकती धुळीच्या, सुरुंगाच्या आणि रस्त्याच्या होत्या. एक वेगळी होती. अंबूबाई शिंगाडे यांनी सांगितलं होतं, की ओढ्यात आमचा झिरा आहे, उन्हाळ्यात मेंढ्या त्याच पाण्यावर जगतात, खाण ओढ्याला भिडली तर झिरा जाईल.

ब्राह्मीने वाक्य सवयीने इंग्रजीत घातलं. मराठीत बोलणाऱ्याचं बोलणं जसंच्या तसं राहतं आणि शेवटी 'असे म्हणाल्या' लागतं. इंग्रजीत सुरुवातीला 'सेड' आला, की पुढचं क्रियापद त्याच्या मागोमाग भूतकाळात जातं. अंबूबाईंचं 'आहे' तिच्या मसुद्यात 'वॉज' झालं. व्याकरणात काही चूक नव्हती. इतर सगळ्या हरकतीही तिने तशाच लिहिल्या होत्या.

अडलं ते झिरा या शब्दाशी. त्याला इंग्रजी काय म्हणावं ते कळेना. लेखी हरकत देणाऱ्यांत जोतीराम शिंगाडे यांचा फोन नंबर होता, तो तिने लावला.

"रिटायर हवालदार जोतीराम शिंगाडे," पलीकडून आवाज आला. "बोला."

तिने आपण कोण ते सांगितलं. "झिरा म्हणजे नक्की काय हो? विहीर, की झरा?"

"हीर न्हवं आन झरा बी न्हवं. झिरा म्हंजे झिरा. कोरड्या वड्यात वाळू उकरून खड्डा घ्यायचा. पानी आपसूक वर येतं. तुमाला कृष्णामाई हाय, म्याडम, तुमाला कशाला लागतोय झिरा?"

ब्राह्मी हसली. अर्थ बरोबर आलाय का बघा, म्हणून तिने आपलं इंग्रजी वाक्य त्यांना वाचून दाखवलं.

"परत वाचा," जोतीराम म्हणाले.

तिने परत वाचलं.

"ह्ये वॉज कशापायी घातलंय?"

"इंग्रजीत तसंच लिहितात. सेड आलं की पुढचं क्रियापद..."

"म्याडम, मी पलटनीत इंग्रजी लय ऐकलंय. 'ही वॉज अ गुड सोल्जर' कवा म्हनत्यात, म्हाईत हाय न्हवं? पेटीवर झेंडा घातल्यावर. आमचा झिरा जिता हाय. आज सकाळी अंबूमावशीनं कळशी भरून आनली. तुमी त्याला झेंडा का घालताय?"

फोन ठेवल्यावर ब्राह्मीने फाइल पुन्हा उघडली. मागे जोडलेली स्थळपाहणीची नोंद तिने आधी नुसती चाळली होती. आता नीट वाचली. पाहणीच्या दिवशी ओढा कोरडा, पाण्याचा स्रोत आढळला नाही. दोन कागद शेजारी ठेवले तर मुंबईतला माणूस काय समजेल, ते उघड होतं. पूर्वी तिथं पाणी असायचं, आता नाही. बाई जुन्या गोष्टी काढून रडतेय.

ती मसुदा घेऊन सरांच्या टेबलाशी गेली.

"नियम पाठ आहे ना?" सरांनी विचारलं.

"आहे सर. सेडनंतर भूतकाळ. जे कायम खरं आहे, ते वर्तमानातही चालतं."

"सूर्य पूर्वेला उगवतो."

"हो."

"आणि हा झिरा सूर्य आहे?"

ब्राह्मीने पाहणीच्या नोंदीचं पान काढलं आणि त्यात काय आहे ते सांगितलं.

"पाहणी करणारा तिथं जाऊन आलाय," सर म्हणाले. "त्याला पाणी दिसलं नाही. म्हातारी म्हणते आहे. तू सांगलीत खुर्चीवर बसून ठरवणार, की म्हातारी खरी आणि तो खोटा? आमच्या डेस्कवर मंत्री म्हणाला, धरण भरलंय, तर आम्ही 'वॉज' लिहायचो. भरलंय की नाही, ते त्याच्या पदरात. 'इज' लिहिलं की आपण त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिलो. तेवढं करायचं असेल, तर आधी कुणीतरी धरणावर जाऊन यायचं."

"पण वॉज लिहिलं की आपण त्या पाहणीवाल्याच्या शेजारी उभे राहतो, सर."

सरांनी फाइल तिच्या हातातून घेतली, दोन्ही पानं वाचली आणि परत दिली.

"सोमवारी हे साताऱ्याला पोचवायचं आहे."

"मी रविवारी जाऊन येते."

"पाहणीचे पैसे आपल्याला मिळत नाहीत."

"मागत नाही."

"डबा घेऊन जा मग. तुझं दिवस मावळायच्या आत जेवण असतं. तिथं हॉटेल शोधत फिरशील."

घरी सांगितलं तेव्हा वडील, आदगोंडा, उसाला पाणी पाजून नुकतेच आले होते. "माणला? पाणी बघायला?" ते बायकोला म्हणाले, "ऐकलीस काय गं? पोरीला शिकवलं की असं हुतंय बघ." पण रविवारी पहाटे स्टँडवर सोडायला तेच आले.

गाडी विट्याच्या पुढे गेली तसा ऊस विरळ होत गेला. मायणीनंतर शेतं उघडी पडली. दहिवडीच्या स्टँडवर जोतीराम मोटारसायकल घेऊन उभे होते. कपडे इस्त्रीचे, बुटांना पॉलिश.

"एकट्याच आलाय?"

"मग काय पलटण आणायची होती?"

"तसं न्हवं," ते हसले. "वॉज-वाल्या म्याडम मोठ्या आसतील वाटलं हुतं."

शिंगाडेवस्ती म्हणजे बाभळीच्या कुंपणातली थोडी घरं, मेंढ्यांचे वाडे आणि एक देऊळ. कर्ते पुरुष बहुतेक मुंबईला. अंबूबाई देवळाच्या कट्ट्यावर वाट बघत बसल्या होत्या. अंगाने वाळक्या, आवाजाने खणखणीत. त्यांनी ब्राह्मीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "हीच का ती, आमचा झिरा मारनारी?" असं म्हणून कळशी कमरेवर घेतली आणि चालू लागल्या.

ओढा रुंद होता आणि पूर्ण कोरडा. पांढरी वाळू, मध्ये मध्ये काळे दगड, काठाला बाभळी. ब्राह्मीने वर पाहिलं, खाली पाहिलं. काठाने थोडं चालून आली. ओलीचा डाग कुठं नव्हता. वाळूवर काट्याची एक वाळकी फांदी पडली होती, तशा आणखीही होत्या.  पाहणीवाल्याने खोटं लिहिलेलं नव्हतं.

"कुठं आहे?" तिने विचारलं.

जोतीराम बोलणार, तेवढ्यात अंबूबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. "बघू दे की तिला. सायबानं बी आसंच बघितलं आसंल." मग त्या पुढं झाल्या, त्यांनी एक फांदी उचलून बाजूला टाकली, बसल्या आणि दोन्ही हातांनी वाळू सारू लागल्या. खाली फरशीचा तुकडा निघाला. जोतीरामांनी तो उचलला.

आत पाणी होतं. फार नव्हतं, तळाला होतं आणि स्वच्छ होतं. फरशी काढताना पडलेले वाळूचे कण त्यात सावकाश बसत होते. अंबूबाईंनी कळशीच्या तोंडावर पदर धरला आणि तांब्याने पाणी वर ओतलं. पाणी गाळून आत पडू लागलं.

"आमच्याकडंपण गाळूनच पितात," ब्राह्मी म्हणाली.

"मग तू आमचीच की गं. पी."

ती प्यायली. पाणी गार होतं. खड्ड्यातली पातळी खाली गेली होती, पण त्या उभ्या राहून बोलत होत्या तोवर पुन्हा वर यायला लागली.

"हे झाकून का ठेवता?"

"उघडं ठिवलं तर रानडुकरं लोळत्यात. मेंढरं तुडवून चिखूल करत्यात. आन ऊन तर हायच. शेवटचं पानी ज्यो काढंल त्यानं झाकायचं. माज्या सासूच्या आधीपासून हाय ह्ये. नवी सून आली की आदी झाकायला शिकवायचं, मग भाकरी."

"आन वाळू चोरनारं बी हिंडत्यात," जोतीराम म्हणाले. "वल दिसली की तितं ट्रॅक्टर घालत्यात. म्हनून फरशीवर वाळू, वाळूवर काटा."

"मग पाहणीला साहेब आले, त्या दिवशी?"

"त्या दिशी तर लय बेस झाकला हुता," अंबूबाई अभिमानाने म्हणाल्या. "सायेब येनार म्हनल्यावर आमी समदा वडाच झाडून काढला. लेंड्या उचलल्या. मेंढरं टेकाडाच्या पल्याड धाडली. पाय उमटल्याला दिसू दिला न्हाई."

ब्राह्मीने त्यांच्याकडे आणि मग जोतीरामांकडे पाहिलं.

"आणि तुम्ही सगळे कुठं होता?"

"देवळात. चहा टाकला हुता न्हवं सायबाला."

"ती आयडिया माझी," जोतीराम बुटाच्या टोकाने वाळू उकरत म्हणाले. "इन्स्पेक्शन म्हनलं की लाइन चकाचक पायजे, आसंच शिकलोय आमी. सायेब नकाशा घिऊन वड्यानं वर आला, देवळात बसला, चहा प्याला. म्हनला, वस्ती लय स्वच्छ ठिवलीया. आमी खूश. जाताना सलाम ठोकला मी त्याला."

"पाणी दाखवलं नाहीत?"

"त्यानं इचारलं न्हाई. आमाला वाटलं, सरकारी मानूस हाय, त्याला म्हाईत आसंल."

 मग अंबूबाईच आधी हसल्या. "झाडून झाडून घालवलं बघ, जोत्या," त्या म्हणाल्या, आणि जोतीरामांनाही हसावं लागलं.

ब्राह्मी काठावर बसली. पाणी तिने पाहिलं होतं. पण झिरा सूर्य आहे का, हा सरांचा प्रश्न अजून शिल्लक होता, आणि तो विचारल्याशिवाय परत जाता येणार नव्हतं.

"मावशी, झिरा कधी आटलाय का?"

"न्हाई," जोतीराम झटकन म्हणाले. "बारमाही हाय. तसंच लिवा, म्याडम. बारमाही."

अंबूबाईंनी फरशी परत जागेवर सरकवली. वाळू ओढायच्या आधी त्या थांबल्या.

"एका साली पानी बसलं हुतं," त्या म्हणाल्या.

"मावशे!"

"तू गप. छावन्या पडल्या त्या साली. खोपरापतूर हात घातला. वल लागली, पानी न्हाई. समदी मेंढरं घिऊन आमी खाली ऊसाच्या मुलखात उतरलो. पाऊस झाला, तवा परत आलं."

"त्ये कशाला सांगतीस? त्ये लिवलं की संपलंच की!"

"तिनं इचारलं, जोत्या. पानी पिऊन इचारलं."

जोतीराम तिला परत दहिवडीला सोडायला आले. स्टँडवर गाडी लागली, तेव्हा त्यांनी मोटारसायकल बंद केली. "म्याडम, ही खान झाली तर मेंढरं इकायला लागतील. मग वस्तीव ऱ्हानार कोन? पोरं मुंबईची, ती काय परत येत न्हाईत. एका शब्दाचा तर प्रश्न हाय."

"मावशी सुनावणीत बारमाही म्हणाल्या होत्या का?"

"न्हाई."

"मग तो मला घालता येणार नाही."

"आन त्ये साल?"

"तेही त्या सुनावणीत म्हणाल्या नव्हत्या. तेही घालणार नाही."

जोतीरामांनी यावर मान हलवली. पटल्याची की हरल्याची, ते कळलं नाही.

गाडीत तिने डबा खाल्ला आणि विचार करत बसली. सूर्य पूर्वेला उगवतो, हे वाक्य कुणीही खुर्चीत बसून लिहावं. ते कुणी सांगितलं, याला महत्त्व नसतं. अंबूबाईंचं 'हाय' तसं नव्हतं. ते एकदा खोटं ठरलं होतं आणि पुढेही ठरू शकत होतं. पण बाई जेव्हा सुनावणीत उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी कायमचं काही सांगितलं नव्हतं. आज आहे आणि खाण झाली तर जाईल, एवढंच सांगितलं होतं. ज्याचं जाणं अजून व्हायचं आहे, ते आजच 'होतं' म्हणून कसं लिहायचं?

सोमवारी सर तिच्या आधी आले होते.

"बघितलंस?"

"बघितलं. प्यायले."

"कधी आटला होता का?"

"एका वर्षी. मी विचारलं, म्हणून त्यांनी सांगितलं."

सर खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे कायमचं सत्य नाही."

"नाही. पण कायमचं नसलं म्हणजे संपलेलं, असंही नाही, सर. त्या दिवशी होतं. काल होतं. तेवढ्यासाठी मी त्यांच्या शेजारी उभी राहायला तयार आहे."

"आणि पाहणीची नोंद? ती खोटी?"

"तीही खरी. त्यांनी झाकलं होतं." तिने झाडलेल्या ओढ्याची आणि देवळातल्या चहाची गोष्ट सांगितली. सर आधी हसले, मग हसायचे थांबले.

"हे आपल्याला भाषांतरात घालता येणार नाही. इतिवृत्तात ते नाही."

"माहीत आहे. पण झिरा शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द नाही. अशा शब्दाला आपण तळटीप देतो."

तिने कागद पुढे केला. वाक्यात वर्तमानकाळ होता. खाली एका ओळीची टीप होती. झिरा म्हणजे कोरड्या ओढ्याच्या वाळूत हाताने खणलेला पाण्याचा खड्डा, जो वापरानंतर फरशी आणि वाळूने काळजीपूर्वक झाकला जातो. सरांनी पेन घेतलं आणि 'काळजीपूर्वक'वर काट मारली.

"हा शब्द तुझा आहे," ते म्हणाले, आणि खाली सही केली.

ती फाइल घेऊन ती स्वतः साताऱ्याला गेली आणि पोच घेऊन आली.

मे महिन्यात जोतीरामांचा फोन आला. समितीने टीप वाचून विचारणा केली होती. ओढ्याची पुन्हा पाहणी होणार होती, साहेब येत्या आठवड्यात येणार होते. "म्याडम, आता वाद आसा पडलाय," ते म्हणाले, "उघडं ठिवलं तर त्यो येस्तवर पानी ऱ्हायचं न्हाई, ऊन लय हाय. झाकलं तर त्याला पुन्यांदा दिसायचं न्हाई. मावशी इचारतीया, काय करू?"

"झाका. आणि साहेब ओढ्यात उतरले की त्यांच्यासमोर उघडा. देवळात कुणी बसू नका."

"चहा?"

"झिऱ्यावर न्या."

"आन झाडायचं?"

"नाही, जोतीरामकाका!"

त्या पाहणीची नोंदही भाषांतराला विश्रामबागेतच आली. अर्धं पान होती. ओढ्यात झिरा आहे. तो वापरानंतर झाकला जातो. समक्ष उघडून दाखवण्यात आला. पाणी आहे. इथे साहेबांनी स्वतः पाहून लिहिलं होतं. ब्राह्मीला कुणाला विचारावं लागलं नाही. शेवटच्या ओळीत मात्र लिहिलं होतं, की एका दुष्काळी वर्षी पाणी लागले नव्हते, असे श्रीमती अंबूबाई यांनी सांगितले. ती ओळ तिने भूतकाळात घातली. ते साल संपलं होतं.

पावसाळ्यात निर्णय झाला. खाण रद्द झाली नाही. तिची हद्द ओढ्यापासून मागे सरकवून डोंगराच्या पलीकडच्या अंगाला नेली, आणि ओढा नकाशावर पाण्याचा स्रोत म्हणून दाखवला. जोतीरामांनी फोन करून सांगितलं, पण त्यांचा आवाज पुरता खूश नव्हता.

"झिरा वाचला म्हना. धूळ ती यायचीच, वारं तिकडनंच हाय. तुमी बारमाही लिवलं आसतं तर समदी खानच टळली आसती."

"मावशींनी ते साल साहेबांनाही सांगितलंय, काका. नोंदीत आहे."

"व्हय," ते म्हणाले. "मी डोळं वटारलं तरी सांगितलं. सायबानं लिवायचं थांबवलं, तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, झालं आता. आन त्यो म्हनतो कसा, आजी, ह्ये सांगितलंसा म्हनून बाकीचं बी लिवतो." मागे मेंढ्यांचा आवाज आला. "ठिवतो म्याडम. पान्याव आल्यात, न्हाईतर तुडवत्याल."